पावसाळी लाईनवर सिंक्रोनेट: मेनू जितका कमी दिसेल तितका बरा

सिंक्रोनेट हे बुलेटिन बोर्ड चालवायचं सॉफ्टवेअर. बुलेटिन बोर्ड म्हणजे फोनवरून किंवा नेटवरून जोडून संदेश आणि फायलींची देवघेव करायची, नुसत्या मजकुराची जागा. ८० अक्षरांची ओळ आणि अशा २५ ओळी, म्हणजे भरलेला पडदा २,००० अक्षरांचा. सेकंदाला २४०० बिटांच्या मोडेमवर एका अक्षरामागे पुढची-मागची खूण धरून दहा बिट जातात, म्हणून सेकंदाला २४० अक्षरं. मेनू उमटायला आठ सेकंद. रंगांचे कोड मिसळले की त्याहून जास्त. संदेश वाचून परत आलात, मेनू. फायलींची यादी बघून परत आलात, पुन्हा मेनू. बुलेटिन बोर्डाचं कुठलंही सॉफ्टवेअर तोलायचं तर आधी एवढंच बघावं की हे आठ सेकंद ते किती वेळा वसूल करतं, आणि टाळायची वाट देतं का. सिंक्रोनेट वाट देतं, पण ती स्वतःहून दाखवत नाही.

सॉफ्टवेअर फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं. रॉब स्विंडेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतलं आणि त्यावरचं काम अजून चालू आहे. आज ते टेलनेट आणि एसएसएचवर (नेटवरून दूरच्या संगणकाशी मजकुरात बोलायच्या दोन पद्धती) येणाऱ्यांना घेतं. फोनवरून येणाऱ्यांसाठी मोडेमचा कॉल उचलून आतल्या टेलनेटला जोडून देणारी व्यवस्था लावावी लागते. पहिला बुलेटिन बोर्ड, सीबीबीएस, १९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सुएस यांनी सुरू केला, तोही बर्फाच्या वादळात घरात अडकून पडल्यावर सुचलेला. तिकडे बर्फ, आपल्याकडे आषाढ. रत्नागिरी किंवा मालवणला चार दिवस धो धो लागला आणि मोबाईलचा डेटा टूजीवर घसरला की वेबपान उघडत नाही, पण टेलनेटवरचा हा मेनू तेव्हाही हाताला येतो. हौसेपलीकडे कोकणात याचा खरा उपयोग असेल तर एवढाच.

आधी तारेबद्दल बोलावं लागेल, कारण मेनूला घातलेल्या निम्म्या शिव्या खरं तर तारेला घालायच्या असतात. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने तांब्याच्या जोडांवर हिरवा गंज चढतो, मिरगाच्या पहिल्या पावसात खांबावरच्या डब्यात पाणी शिरतं आणि लाईन खरखरायला लागते. रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबा आणि ऐका. डायल टोन थांबल्यावर शांतता हवी. तळणीसारखा आवाज आला तर मोडेमची कुठलीही सेटिंग ते झाकणार नाही. घरातली बाजू मात्र आपल्या हातात असते: भिंतीतल्या सॉकेटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पडवीतला जोडफोन काढून टाका (कोणी तो उचलला की कनेक्शन गेलंच म्हणून समजा), कॉल वेटिंग बंद करून घ्या, त्याच तारेवर ब्रॉडबँड असेल तर मोडेमच्या आधी फिल्टर बसवा. विजा सुरू होण्याआधीच फोनची तार मोडेममधून काढून ठेवा. नुसतं वीजपुरवठ्याचं बटण बंद करून भागत नाही, झटका फोनच्या तारेवरूनही येतो.

तांब्याच्या जागी फायबर आला असेल तर खरखर जाते, पण दुखणं बदलतं. आवाज पाकिटांत चिरला जातो, एखादं पाकीट उशिरा आलं की दोन्ही मोडेम पुन्हा ताळमेळ जुळवायला बसतात आणि पडदा मध्येच थिजतो. अशा लाईनवर ३३,६०० चा हट्ट सोडून वेग मुद्दाम खाली बांधावा. यूएस रोबोटिक्सच्या मोडेमला ‘एटी अँड एन३’ (AT&N3) दिलं की तो २४०० वरच बोलतो. ‘अँड एम५’ (&M5) दिलं तर चूक-दुरुस्ती जुळली नाही की फोन सरळ ठेवून देतो, आणि ते बरंच असतं. डायल टोन ओळखत नसेल तर नंबराआधी ‘एक्स३’ घालावं, म्हणजे टोनची वाट न बघता तो डायल करतो.

आता मेनू. मूळ सजावटीत एका अक्षराला एक काम आहे. ‘एन’ने नवे संदेश, ‘आर’ने चालू विभाग वाचणं, ‘पी’ने लिहिणं, ‘एस’ने आपल्या नावाने आलेलं शोधणं, ‘ई’ने खाजगी टपाल, ‘जे’ने दुसऱ्या विभागात उडी, ‘टी’ने फायलींचा विभाग, ‘एक्स’ने खेळ आणि बाहेरचे प्रोग्राम. प्रश्नचिन्ह दाबलं की मेनू पुन्हा दिसतो. यातली हुशारी तिरप्या रेघेत आहे. नुसता ‘एन’ आधी विचारत बसतो. ‘स्लॅश-एन’ सगळ्या विभागांतलं नवं एका दमात काढतो. ‘एस’ आणि ‘स्लॅश-एस’चंही तसंच. ‘ओ’ने बाहेर पडताना तो खात्री करून घेतो, ‘स्लॅश-ओ’ काही न विचारता फोन ठेवतो. कॉलचा मीटर चालू असताना या एका रेघेची किंमत कळते.

चालू असलेलं काम ‘कंट्रोल-सी’ने तोडता येतं, तीनशे फायलींची यादी चुकून सुरू झाली तर हेच. ‘कंट्रोल-एस’ने मजकूर थांबतो आणि ‘कंट्रोल-क्यू’ने पुढे सरकतो. ‘कंट्रोल-एस’ चुकून लागला की पडदा गोठल्यासारखा दिसतो आणि लोक लाईन गेली म्हणून फोन कापतात. आधी ‘कंट्रोल-क्यू’ दाबून बघा. कंट्रोलच्या बाकीच्या जोड्यांची यादी ‘कंट्रोल-के’ने मिळते.

पहिल्या भेटीत दोन गोष्टी बदलाव्यात, दोन्ही ‘डी’खालच्या वैयक्तिक सेटिंगमध्ये. एक म्हणजे एक्स्पर्ट मेनू चालू करणं. मग पूर्ण मेनू न येता नुसता एका ओळीचा प्रॉम्प्ट येतो, आणि आठ सेकंदांचं काम अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतं. दुसरी म्हणजे हॉट की बंद करणं, आणि इथे आमचं मत रूढ सल्ल्याच्या उलट आहे. हॉट कीमुळे एंटर न दाबता अक्षर लगेच लागू होतं. चांगल्या लाईनवर ते सुखाचं. पण चूक-दुरुस्ती नसलेल्या जोडणीवर खरखरीतून आपोआप अक्षरं उमटतात, आणि बोर्डाला ती तुम्हीच दाबल्यासारखी वाटतात. ‘पी’ आला की संदेश लिहायला बसवतो, ‘एक्स’ आला की खेळांच्या यादीत नेऊन सोडतो. हॉट की बंद असली तर एंटर येईपर्यंत काही घडत नाही. कचरा दिसला तर बॅकस्पेसने पुसून टाकायचा. मिरगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत हे बंदच असावं.

पीसीबोर्ड या जुन्या बोर्ड-सॉफ्टवेअरची सवय असलेल्यांना हा मेनू हमखास तोंडघशी पाडतो. तिथे ‘एक्स’ म्हणजे एक्स्पर्ट मोड, इथे खेळ. तिथे ‘जी’ म्हणजे निरोप, इथे मजकुराच्या फायली. तिथे ‘टी’ने फाईल-प्रोटोकॉल ठरवायचा, इथे ‘टी’ने विभागच बदलतो. भरीला सिंक्रोनेट स्वतःशीही एकमत नाही: मुख्य मेनूत ‘क्यू’ म्हणजे टपालाचं पाकीट, फायलींच्या विभागात तोच ‘क्यू’ मागे फिरवतो. याला सरळ गुण कापावे लागतात. उतारा म्हणून सेटिंगमध्येच कमांड शेल, म्हणजे मेनू आणि आज्ञांचा अख्खा साचा, बदलायची सोय आहे. पीसीबोर्ड, वाइल्डकॅट, मेजर बीबीएस अशा जुन्या घराण्यांच्या नकला सोबत येतात. बोर्ड चालवणाऱ्याने त्या ठेवल्या असतील तर. पीसीबोर्डमध्ये एकाच ओळीत आज्ञा रचता यायच्या, ‘आर ए एस’ लिहिलं की सगळ्या कॉन्फरन्समधलं (म्हणजे विभागांतलं) मागच्या वेळेनंतरचं टपाल पुढे यायचं. त्या रचनेची सर स्लॅशला नाही.

फोन करणाऱ्याच्या टोकाला सिंकटर्म हा बोर्डाला जोडून देणारा प्रोग्राम वापरा. यादीत ‘इन्सर्ट’ने नवा बोर्ड घालायचा, जोडणीचा प्रकार निवडायचा, पडदा ८० बाय २५ आणि फाँट कोडपेज ४३७ (जुन्या पीसीचा अक्षरसंच) ठेवायचा, चौकटीच्या रेघांऐवजी प्रश्नचिन्हं किंवा उच्चारचिन्हांची अक्षरं दिसली तर फाँटच चुकलाय. ‘ऑल्ट-झेड’ने त्याचा स्वतःचा मेनू येतो, ‘ऑल्ट-बी’ने वर सरकून गेलेला मजकूर, ‘ऑल्ट-एल’ने साठवलेलं नाव-पासवर्ड आपोआप पाठवलं जातं. बोर्ड एसएसएच देत असेल तर टेलनेट घेऊ नये, कारण टेलनेटवर पासवर्ड उघडा जातो. निदान बँकेचा पासवर्ड इथे ठेवू नका.

फायली उतरवायच्या-चढवायच्या पद्धतींत झेडमोडेम, दुसरं काही नको. १९८६ मध्ये चक फोर्सबर्ग यांनी तो आणला तो तुटलेली फाईल तिथूनच पुढे सुरू करण्याच्या सोयीसकट. १०० केबीची फाईल २४०० वर सात मिनिटं घेते, आणि सहाव्या मिनिटाला वीज गेली तर एक्समोडेम ही जुनी पद्धत पहिल्या १२८ बाइटपासून सुरू करायला लावते. झेडमोडेमला अर्धी राहिलेली फाईल त्याच नावाने त्याच फोल्डरमध्ये सापडली पाहिजे. म्हणून ती पुसू नका आणि नाव बदलू नका.

पण कोकणातून खरा फायदा आहे तो मेनूत न बसण्यात. मुख्य मेनूत ‘क्यू’, मग ‘डी’: बोर्ड सगळे नवे संदेश एका दाबलेल्या पाकिटात बांधून देतो. ही क्यूडब्ल्यूके पद्धत. फोन ठेवायचा, मल्टिमेलसारख्या वाचायच्या प्रोग्राममध्ये निवांत वाचायचं, उत्तरं लिहायची. उत्तरांचं आरईपी पाकीट तयार झालं की परत डायल, ‘क्यू’, मग ‘यू’. दोन छोटे कॉल, मधला वेळ फुकट. पहिल्यांदा उतरवण्याआधी हवे तेच विभाग निवडून घ्या, नाहीतर वर्षानुवर्षांचा मजकूर एकाच पाकिटात यायला लागतो आणि लाईन अडकून बसते. आरईपी फाईलचं नाव बोर्डाच्या जास्तीत जास्त आठ अक्षरी ओळखीवरून पडतं. ते बदललं, किंवा एका बोर्डाचं पाकीट दुसऱ्यावर चढवलं, की नाकारलं जातं. ‘यू’ केल्यावर ‘स्वीकारलं’ असा निरोप दिसेपर्यंत फोन ठेवू नका.

मराठीचं काय? कोडपेज ४३७ मध्ये देवनागरी नाही, सिंकटर्म ती दाखवत नाही. सिंक्रोनेटला यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारी पद्धत) वापरणारं टर्मिनल ओळखता येतं, पण काना-मात्रा आणि जोडाक्षरांमुळे ८० रकान्यांचा हिशोब बिघडतो आणि चौकटी वाकड्या होतात. पुण्याच्या सी-डॅकच्या संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डांनी आणि भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या इस्की प्रमाणाने आठ बिटांत देवनागरी बसवून दाखवली होती. इथे त्याचा वारसा पोचलेला नाही. रोमन लिपीत मराठी लिहायची तयारी नसेल तर हा बोर्ड तुमच्यासाठी नाही.

एकूण पाचपैकी साडेतीन. अर्धा कापला तो ‘क्यू’च्या दुटप्पीपणासाठी, एक देवनागरीसाठी. तांब्याची तार शाबूत असेल तर घ्याच. फायबरवर असाल तर आधी टेलनेटवरून आठवडाभर चालवून बघा, मोडेम नंतर आणा.