जुने सायन्स फिक्शन अ‍ॅडव्हेंचर गेम: मृगापासून संक्रांतीपर्यंतचा अनुभव

आधीच सांगतो, खाली काही कोडी फोडली आहेत. स्वतः डोकं लावायचं असेल तर जपून वाचा.

लॅपटॉप जुनाच आहे. त्यावर स्कमव्हीएम टाकलं. जुने अ‍ॅडव्हेंचर गेम (गोष्टीत फिरून कोडी सोडवायचे खेळ) आजच्या मशीनवर चालवणारं हे फुकटचं सॉफ्टवेअर. भाचा नीटच्या क्लाससाठी लातुरात आमच्याकडेच राहतो. रात्री जेवणं झाली की अर्धा तास त्यालाही मोकळीक, त्यामुळे हा रिव्ह्यू दोघांचा धरा. स्कमव्हीएमबद्दल तक्रार नाही. आम्ही टाकलेले गेम निमूट चालले. तक्रार आहे ती कोड्यांबद्दल, आणि तीही सगळ्या कोड्यांबद्दल नाही.

सगळ्यात बदनाम गेम म्हणजे इन्फोकॉम कंपनीचा १९८४ सालचा 'हिचहायकर्स गाइड'. डग्लस अ‍ॅडम्स आणि स्टीव्ह मेरेत्झ्की यांनी केलेला. चित्र नाही, नुसता मजकूर, आज्ञा टाइप करायची. बीबीसीने २०१४ मध्ये याची आवृत्ती वेबवर आणली, आम्ही तीच ब्राउझरमध्ये खेळलो. त्यातलं बेबल फिशचं कोडं पार कुप्रसिद्ध. कानात घातला की परकी भाषा समजू लागते असा हा मासा, तो मिळवायचा. बटण दाबलं की यंत्रातून मासा सुटतो आणि समोरच्या भिंतीतल्या भोकात जातो. तिथल्या हुकावर गाऊन टांगला, तर मासा गाऊनवरून घसरून खालच्या जाळीत पडतो. जाळीवर टॉवेल टाकला, तर सफाईचा रोबो येऊन मासा उचलतो आणि भिंतीतल्या फटीतून पळतो. फटीपुढे पिशवी ठेवली, तर रोबो तिला धडकतो, मासा वर उडतो आणि दुसरा उडता रोबो तो हवेतच झेलतो. शेवटी पिशवीवर फालतू टपालाचा गठ्ठा ठेवायचा. कागद उडतात, रोबो ते गोळा करत बसतो आणि मासा कानात.

लोक या कोड्याला शिव्या घालतात. मला ते या गेममधलं सगळ्यात सरळ कोडं वाटलं. दर वेळी मासा कुठे गेला ते दिसतं, म्हणजे पुढचं भोक कुठलं बुजवायचं तेही कळतं. भाच्याने तर वहीत खोलीची आकृतीच काढली होती. हसून हसून पुरेवाट झाली.

खरी लबाडी त्याच्या मागेपुढे आहे. ते टपाल पृथ्वीवर, घराच्या दारात पडलेलं असतं. तिथे उचललं नाही तर यानात पोचल्यावर ते कुठून आणणार? पृथ्वी तर तोवर उडालेली. यंत्रातले मासेही मोजकेच. आणि कुत्र्याची गोष्ट त्याहून वाईट. सुरुवातीला एका कुत्र्याला सँडविच घालायचं असतं. घातलं नाही तरी गेम चकार शब्द काढत नाही. मग कितीतरी पुढे, आपण एका इवल्याशा अंतराळ ताफ्यात असताना, तेच उपाशी कुत्रं अख्खा ताफा गिळतं.

भाचा म्हणाला, "मामा, आमच्या नीटला चुकलं तर एक मार्क जातो, पण नंतर उत्तरसूची तरी लागते." माझं सगळं म्हणणं त्यात आलं. कोडं कितीही अवघड असू द्या, चुकलो हे तिथल्या तिथे कळायला पाहिजे. एकाच वेळी जवळ चहा असणं आणि नसणं असलं वेडं कोडंही याच गेममध्ये आहे, आणि ते मला चालतं.

सिएरा कंपनीचा 'स्पेस क्वेस्ट २' (१९८७) याच रोगाचा. एक परग्रहवासी प्राणी तुम्हाला पकडून मुका घेतो आणि सोडून देतो. विनोद वाटतो. तुम्ही सेव्ह करता, पुढे जाता, आणि शेवटाच्या तोंडावर छाती फोडून पिल्लू बाहेर येतं. मुक्यानंतरचे सगळे सेव्ह बाद. त्या काळी इन्फोकॉम उत्तरांच्या वेगळ्या पुस्तिका विकायची, खास पेन फिरवलं की अदृश्य शाई दिसायची. म्हणजे अडलेला गिऱ्हाईक हा धंद्याचाच भाग होता, असं मला वाटतं. गेम बनवणाऱ्या रॉन गिल्बर्टने १९८९ मध्येच लेख लिहून असल्या कोड्यांवर टीका केली होती.

लुकासआर्ट्स कंपनीचा 'द डिग' (१९९५) असा दगा देत नाही. कल्पना स्पिलबर्गची, संगीत सुंदर, परग्रहाचा एकाकीपणा अंगावर येतो. पण कासवासारख्या प्राण्याची हाडं जुळवून सांगाडा करायचं ते कोडं! नमुना दुसऱ्याच जागी खडकात, हाडं इथे, आणि ३२० बाय २००च्या चित्रात कुठलं हाड कुठलं हे ओळखताना डोळे जातात. इथे बुद्धीची नाही, चष्म्याची परीक्षा आहे.

'बिनीथ अ स्टील स्काय' (१९९४) मात्र दोघांनाही आवडला. जोई नावाच्या रोबोचं सर्किट बोर्ड काढून वेगवेगळ्या यंत्रांत बसवायचं. अंग बदललं की त्याची कामं बदलतात आणि टोमणेही. अडलात तर त्याच्याशी बोला, काहीतरी सुचतंच. बारीक वस्तू शोधायचा वैताग इथेही आहे, पण कमी.

नवीन असाल तर याच्यापासूनच सुरू करा, २००३ पासून तो फुकट मिळतो. सिएराचा गेम घेतलात तर एकाच सेव्हवर कधी सेव्ह करू नका, दर ठिकाणी नवीन नाव द्या. आणि 'द डिग'मध्ये हाडं दिसली की मान खाली घालून सरळ वॉकथ्रू (पायरी-पायरीने उत्तरं) उघडा, कुणी हसणार नाही.