प्रोजेक्शन टीव्हीचे सरकलेले रंग: दोन दुरुस्त्या आणि नंतरचे आठ महिने

न्यू जर्सीतल्या एडिसनमधला एक मित्र घर बदलून टेक्सासला निघाला, तेव्हा त्याच्या बेसमेंटमध्ये 53 इंची प्रोजेक्शन टीव्ही उभा होता. मागच्या लेबलवर 2002 साल. "घेऊन जा रे, नाहीतर उचलून टाकायला मलाच पैसे मोजावे लागतील," म्हणाला. वजन शंभर किलोच्या आसपास. तो आमच्या बेसमेंटमध्ये उतरवायला चौघे लागलो, आणि त्यातल्या दोघांनी मला अजून माफ केलेलं नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा आजार त्या काळातल्या बहुतेक सगळ्या ब्रँडना होता.

सुरू केल्यावर जे दिसलं ते तुम्ही पाहिलेलं असेल, टीव्हीवर नाही तर किराणा दुकानातून फुकट मिळणाऱ्या कॅलेंडरवर. छापताना रंग सरकतो, देवाला दोन ओठ येतात, मुकुटाची निळी कड कपाळावर उतरते. तसंच. बातम्या देणाऱ्या बाईंच्या डावीकडे लाल सावली, आणि निळ्या रंगाचं चित्र तर वरच्या बाजूला आंतरपाटासारखं मध्येच झोळ पडलेलं. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात चित्र बऱ्यापैकी, वर मात्र सगळा गोंधळ.

असं का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय दुरुस्ती म्हणजे अंधारात चाचपडणं. या पेटीत लाल, हिरवी आणि निळी अशा तीन छोट्या पिक्चर ट्यूब असतात, साधारण 7 इंची. प्रत्येकीवर एक लेन्स. तिघींचं चित्र मागच्या मोठ्या आरशावर आपटून पडद्यावर येतं. हिरवी मधोमध बसलेली, लाल आणि निळी तिच्या दोन बाजूंना. म्हणजे त्या दोघी पडद्याकडे तिरक्या बघतात आणि त्यांचं चित्र मुळातच वाकडं पडतं. ते सरळ करायला प्रत्येक ट्यूबच्या मानेवर एक जादा कॉइल असते, आणि तिच्यात प्रत्येक रेघेला, प्रत्येक क्षणी वेगवेगळा करंट सोडून किरण ओढून जागेवर आणला जातो. तीन रंग, प्रत्येकाचं आडवं आणि उभं, मिळून सहा अॅम्प्लिफायर. ते दोन जाड आयसींत, म्हणजे अख्खं सर्किट आत असलेल्या चिपांत, बसवलेले असतात, एकात तीन. माझ्या सेटमध्ये एसटीके392-110.

एसटीके हे नाव वाचून मला एकदम घरचं वाटलं. कॉलेजात असताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एसटीके4141 आणून स्टीरिओ अॅम्प्लिफायर बनवलेल्या पिढीतला मी. तेच घराणं, फक्त इथे स्पीकरऐवजी कॉइल. आणि स्पीकर निदान गाणं थांबलं की विश्रांती घेतो. हे दोन आयसी टीव्ही सुरू असेपर्यंत न थांबता राबतात, चित्र काळं असलं तरी. त्यामुळे तापतात, वर्षानुवर्षं तापून शेवटी एखादा चॅनल, म्हणजे त्या सहांतला एखादा अॅम्प्लिफायर, मरतो.

आयसीच गेला आहे हे ओळखायची सोपी खूण आहे. मेनूमध्ये कन्व्हर्जन्सचा, म्हणजे तीन रंग एकावर एक जुळवायचा, पर्याय उघडा आणि निळी रेघ वर-खाली हलवून बघा. माझ्याकडे ती बाजूला सरकायची, पण वर जायला तयार नाही. उभा चॅनल गेलेला. रेघ सगळीकडे व्यवस्थित हलते आणि नुसती जागा चुकली आहे, तर आयसी ठीक आहे. सेट जागेवरून हलवल्यामुळे झालं असेल. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाही यावर परिणाम होतो, उत्तरेकडे तोंड असलेला टीव्ही पूर्वेकडे वळवला तरी रंग थोडे सरकतात.

पहिली दुरुस्ती मी स्वस्तात उरकली. ऑनलाइन 18 डॉलरला दोन आयसी मिळाले. मागचं झाकण काढलं, बोर्ड बाहेर ओढला. एका आयसीला 18 पाय, दोन्हींचे मिळून 36. पंपाने आणि तांब्याच्या वेणीने जुनं सोल्डर ओढून काढायला पूर्ण संध्याकाळ गेली. घाई केली तर बोर्डवरची तांब्याची पट्टी उखडते, माझी एक उखडलीच, तिथे वायरचा तुकडा लावावा लागला. नवे आयसी बसवले, हीटसिंकला, म्हणजे आयसीची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्टीला, पांढरी पेस्ट लावली, सुरू केलं. झोळ गेला! बायकोला वरून हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान झालंय. पण ते लाल अजून तसंच दिसतंय ना?" ते जुळवणीचं काम होतं, पुढे येईलच.

एकोणिसाव्या दिवशी, मॅच चालू असताना, आतून टक्‌ असा आवाज आला आणि टीव्ही बंद. पुन्हा लावला तर निळं आणि लाल दोन्ही वाकडे.

डोंबिवलीचे एक काका आहेत, माझ्या वडिलांचे मित्र. तीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. त्यांना व्हिडिओ कॉलवर बोर्ड दाखवला. पहिला प्रश्न, "आयसी कुठून आणलेस?" मी किंमत सांगितली. ते हसले. "अरे, काढलेल्या आयसीवर थिनरचा बोळा फिरव बघू." फिरवला. नंबर पुसला गेला. खाली दुसराच कसला तरी धूसर छाप. वजनातही फरक होता, जुना मूळ आयसी हातात घेतल्यावर लगेच कळत होतं. हे आयसी बनायचे कधीच बंद झाले आहेत, त्यामुळे बाजारात नकलांचाच सुकाळ आहे. ज्यांनी मला विकले त्यांनी पैसे परत केले, तेवढं मान्य करतो.

दुसरा प्रश्न, "रेझिस्टर तपासलेस का?" नव्हते तपासले. आयसी शॉर्ट होताना एकटा जात नाही, शेजारच्यांना घेऊन जातो. त्याच्या बाजूला काही ओहमांचे छोटे रेझिस्टर असतात, त्यांतले दोन ओपन, म्हणजे आतून तुटलेले, झाले होते. एक तर वरून बघता अगदी धडधाकट. सप्लायच्या वाटेवर रेझिस्टरसारखाच दिसणारा एक इवलासा फ्यूज असतो, तोही उडालेला. इतक्या कमी ओहमचं माप घेताना मीटरच्या पिनाच दोन-तीन दशांश ओहम दाखवतात, ते आधी वजा करायचं, नाहीतर चांगल्यालाही खराब म्हणाल. काकांनी आणखी एक सांगितलं: पेस्ट पोळीला तूप लावतो तेवढीच लावायची. मी श्रीखंड थापल्यासारखी थापली होती.

दुसऱ्या वेळी खात्रीच्या ठिकाणाहून पूर्ण संच घेतला. दोन आयसी, रेझिस्टर, फ्यूज, मिळून 70 डॉलरच्या वर गेलं. बोर्ड बाहेर आहेच तर आजूबाजूच्या कनेक्टरांच्या पायांवर भिंग धरून बघितलं. चार ठिकाणी ड्राय सोल्डर, पायाभोवती केसाएवढी गोल चीर. तिथे पुन्हा गरम करून ताजं सोल्डर दिलं. हे काम दहा मिनिटांचं, पण माझ्या मते पुढच्या आठ महिन्यांचं निम्मं श्रेय त्याचंच.

धोक्याचं एकदाच लिहितो. ट्यूबवर 30,000 व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ शिल्लक राहतात. कन्व्हर्जन्सच्या बोर्डवर काम करताना त्या जाड लाल वायरींना आणि रबरी टोप्यांना हात लावायची गरज पडत नाही, म्हणून लावूच नका. प्लग काढून मी रात्रभर थांबायचो आणि सकाळी उघडायचो.

आता जुळवणी. सोल्डरिंग एका संध्याकाळचं, जुळवणी चार रात्रींची. आणि खरी मजा इथेच आहे, असं मला आता वाटतं. तेव्हा डोकं उठलं होतं.

पहिला धक्का असा की नवे आयसी घातल्यावर चित्र उलट्या बाजूला वाकडं झालं. कारण आधीच्या मालकाने, म्हणजे माझ्या मित्राने, आयसी अर्धवट मेलेला असताना मेनूतून ओढून-ताणून झोळ लपवायचा प्रयत्न केला होता. मेमरीत ते सगळे आकडे बसलेले. चॅनल जिवंत झाल्यावर ते आकडे खरोखर काम करायला लागले. म्हणून दुरुस्तीच्या आधी कन्व्हर्जन्सला हात लावू नका, कितीही मोह झाला तरी.

पहिल्या रात्री टीव्ही लावल्या लावल्या जुळवायला बसलो. तासाभराने मान वर करून बघितलं तर सगळं हललेलं. आयसी, कॉइल, ट्यूब सगळं गरम होऊन स्थिरावायला निदान अर्धा तास लागतो. दुसऱ्या रात्रीपासून आधी टीव्ही लावायचा, जेवायचं, मग बसायचं.

सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीवाल्यांसाठीच्या वेगळ्या मेनूत, पांढऱ्या रेघांची जाळी येते. आधी फक्त हिरवी ठेवायची आणि ती सरळ करायची, बाकी दोघी तिच्यावर बसणार आहेत. पडद्यावर टेपने मापून खुणा केल्या, गणपतीच्या सजावटीतला उरलेला दोरा आडवा-उभा ताणला आणि हिरव्या रेघा त्या दोऱ्याखाली आणल्या. मग लाल सुरू करायची. लाल रेघ हिरवीवर नेमकी बसली की पिवळी दिसते. कडेला लाल झिरमिरत असेल तर अजून बाकी आहे. शेवटी निळी, ती बसली की रेघ पांढरी. माझ्या सेटमध्ये आधी 9 ठिकाणं, मग 35, मग 117 अशा तीन फेऱ्या. आधी मोठी चूक काढायची, मग बारीक. मी थेट 117 वर गेलो होतो, त्यामुळे रेघांना लाटा आल्या आणि सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

निळ्यात एक गंमत आहे. निळी रेघ इतर दोघींपेक्षा जाड आणि फिसकटलेली दिसते. मला वाटलं फोकस गेला. तसं नाही, या सेटांमध्ये निळी ट्यूब बऱ्याचदा मुद्दामच थोडी फोकसबाहेर ठेवलेली असते, म्हणजे पांढरा जास्त उजळ काढता येतो. आपल्या डोळ्याला निळ्यातला बारकावा तसाही कमी कळतो. तिच्या कडा जुळवू नका, मधला गाभा जुळवा.

आणि सेव्ह करा. तिसऱ्या रात्री अडीच तासांची मेहनत मी सेव्ह न करता बंद केली. त्यावर जास्त लिहीत नाही.

पडद्याच्या कडांमागे प्रकाशाचे छोटे सेन्सर असतात, एक बटण दाबलं की सेट स्वतःच रंग जुळवतो. हाताने जुळवल्यावर ते सेन्सर सर्व्हिस मोडमधून नव्याने शिकवावे लागतात. नाही शिकवलं आणि घरातल्या कुणी ते बटण दाबलं, तर जुन्या आठवणीप्रमाणे तो सगळं परत वाकडं करून ठेवतो. आमच्याकडे दाबलं. कुणी दाबलं ते कुणी सांगत नाही.

उघडलंच आहे म्हणून आरसा आणि लेन्सही पुसल्या. हा आरसा घरच्यासारखा नसतो, त्याचा चकाकता थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो, पेपरने घासला तर ओरखडा कायमचा. आधी फुंकणीने धूळ उडवली, मग डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, दाबायचं अजिबात नाही. लेन्सवरच्या वीस वर्षांच्या धुळीने चित्र किती मळलं होतं ते पुसल्यावर कळलं. लेन्स आणि ट्यूबच्या मध्ये थंड ठेवणारं द्रव असतं, त्यात टॉर्च मारून बघा. माझं स्वच्छ होतं. बुरशीचे ढग दिसले तर कामाचा पसारा बराच वाढतो, त्या सेटवर मी आयसीचे पैसे घातले नसते.

तर आठ महिने. आठवड्याला सरासरी दहा-बारा तास चालला असेल. आयसी शाबूत. हीटसिंकसमोर जुन्या कॉम्प्युटरचा 80 मिलिमीटरचा 12 व्होल्टचा पंखा कमी वेगाने लावला आहे. आधी हीटसिंकला बोट टेकवत नव्हतं, आता टेकवून ठेवता येतं. जानेवारीत बेसमेंट गार असताना पहिली वीस मिनिटं कडांना लाल दिसायचं, जुलैत पाच मिनिटांत जुळतं. मधल्या काळात दोनदाच हात लावावा लागला, तोही 9 ठिकाणांच्या साध्या मेनूतून.

चित्राबद्दल: अंधाऱ्या खोलीत काळा रंग खरोखर काळा दिसतो, आणि मॅचमध्ये चेंडू पुसट होत नाही. जुन्या व्हीएचएस कॅसेट, आमच्या लग्नाची धरून, नव्या टीव्हीवर बघवत नाहीत, यावर गोड दिसतात. पण दिवसा खिडकीतून उजेड आला की खेळ खलास. उभं राहिलं की चित्र मंद होतं. पुतण्या जमिनीवर अगदी जवळ बसतो तेव्हा त्यालाही वरचा भाग काळपट दिसतो, तरी तो तिथेच बसतो. त्याच्या जुन्या गेमची बंदूक मात्र या पडद्यावर चालली नाही.

मागे एचडीएमआय नाही. कंपोनंटच्या तीन वायरी आहेत, त्यावर 1080आय, म्हणजे एचडी चित्र घेतो, पण एचडीएमआयसाठी मध्ये कन्व्हर्टर लागतो. आतला ट्यूनर जुन्या अॅनालॉग प्रक्षेपणाचा, अमेरिकेत मोठ्या केंद्रांचं ते 12 जून 2009 ला बंद झालं, त्यामुळे अँटेनाला वेगळा डबा. विजेचं म्हणाल तर माझ्या मीटरवर 190 वॉटच्या आसपास. कॉन्ट्रास्ट मी निम्म्याच्या खाली ठेवतो, नाहीतर बातम्यांच्या चॅनलचं चिन्ह ट्यूबवर कायमचं उमटतं. आधीच्या मालकाचं एक उजव्या कोपऱ्यात अंधुक आहेच, बर्फाच्या दृश्यात दिसतं.

एकूण खर्च पहिला फसलेला सोडून शंभर डॉलरच्या आत, आणि सात-आठ संध्याकाळी. 300 डॉलरच्या आत नवा 55 इंची येतो, भिंतीला लागतो, एकटा माणूस उचलतो. बायकोने हे मला तीनदा ऐकवलं आहे आणि तिचं बरोबर आहे. सोल्डरिंग पहिल्यांदाच शिकणार असाल तर शिकायला हा सेट घेऊ नका. घरात आधीच उभा असेल, ट्यूब चांगल्या असतील आणि फक्त रंग सरकले असतील, तर करा.

खालच्या डाव्या कोपऱ्यात लाल अजून दोन मिलिमीटर बाहेर आहे. काकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "तिथे कोण बघतंय? झाकण लाव आता."