दोन कंपन्या, तीन जीएसटी नंबर: खर्चाचं सॉफ्टवेअर एकत्र घ्यावं की वेगवेगळं?

समजा, चाकणला तुमचा कारखाना आहे. त्याच कंपनीचं दुसरं युनिट गोव्यात वेर्ण्याला आहे आणि माल विकण्यासाठी घरच्यांचीच एक एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) पुण्यात आहे. बोलताना सगळे ‘आमच्या तीन कंपन्या’ म्हणतात. कायद्याच्या नजरेत मात्र पॅन दोन आणि जीएसटी नोंदण्या तीन. सॉफ्टवेअरवाल्याला फोन करण्याआधी एवढं कागदावर मांडा, कारण पुढचे बरेच घोळ इथेच होतात.

महिन्याला पन्नास-साठच बिलं येत असतील, तर व्हॉट्सॲपवर फोटो, एक्सेलमध्ये यादी आणि टॅलीत नोंद हे पुरेसं आहे. त्याहून पसारा मोठा असेल तर बिलं टाकून मंजुरी घेण्याचं, म्हणजेच खर्चाचं सॉफ्टवेअर घेताना दोन मार्ग आहेत: सॉफ्टवेअरच्या एकाच खात्यात सगळ्या संस्था, किंवा प्रत्येकीचं स्वतंत्र खातं.

एकत्र खात्याचा खरा फायदा बिल येतं त्या क्षणी दिसतो. चाकणच्या माणसाने पणजीत डीलर मीटसाठी हॉटेलचा हॉल घेतला, तर हॉटेल गोव्याचाच कर लावणार, कारण जागा तिथे आहे. बिलावर २७ ने सुरू होणारा महाराष्ट्राचा नंबर दिला, की त्या कराचं क्रेडिट, म्हणजे तो आपल्या भरायच्या करातून वजा करण्याची सोय, गेलं. कार्यक्रम वेर्ण्याच्या कामाचा असेल तर ३० ने सुरू होणारा गोव्याचा नंबर द्यायला हवा. मंजुरी मागतानाच ‘हे काम कुठल्या नोंदणीचं?’ असं विचारणारं सॉफ्टवेअर इथे पैसे वाचवतं. खातं वेगळं असेल तर माणूस आपल्याच खात्यात बिल टाकून मोकळा होतो आणि चूक जीएसटीआर-२बी (पोर्टलवर येणारं क्रेडिटचं मासिक विवरण) जुळवताना, म्हणजे उशिरा, कळते. चाकण आणि वेर्णे यांची खाती वेगळी करू नका, असं मी ठामपणे सांगेन. ती एकच कंपनी आहे.

एलएलपीचं गणित वेगळं. कंपनीच्या कार्डावरून एलएलपीच्या ट्रकचं भाडं गेलं, तर तो कंपनीचा खर्च नाही, एलएलपीकडून येणं आहे. कंपनीच्या पुस्तकात येणं आणि एलएलपीच्या पुस्तकात खर्च व देणं, अशा दोन्हीकडे नोंदी व्हायला हव्यात. डेमोत बरेचदा नुसतं ‘एन्टिटी बदला’ (म्हणजे खर्चाची संस्था बदला) असं बटण दाखवतात. त्याने खर्च सरकतो, पण पैसे कुणाच्या बँकेतून गेले हे पुसलं जातं. शिवाय संचालकच एलएलपीत भागीदार असतील, तर साचत गेलेलं येणं कंपनी कायद्याच्या कलम १८५ च्या (संचालकांशी संबंधितांना कर्ज देण्यावरच्या बंधनाच्या) प्रश्नात अडकू शकतं. सीएला आधीच विचारा.

एकत्र खात्याला एक छुपी किंमतही आहे. सॉफ्टवेअरचं बिल कंपनीच्या नावावर येतं. चाकण आणि वेर्णे दोघांसाठीच्या अशा सामाईक सेवेचं क्रेडिट वाटायला १ एप्रिल २०२५ पासून आयएसडी (इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर, म्हणजे क्रेडिट वाटणारा) नोंदणी सक्तीची आहे. एलएलपीचा पॅन वेगळा, म्हणून तिला ते असं वाटता येत नाही. कंपनीने तिच्या वाट्याचं रीतसर जीएसटी बिल काढावं लागतं. स्वतंत्र खात्यात हे टळतं, पण दर माणशी आकारणी असेल तर दोन्हीकडे मंजुरी देणाऱ्या एकाच माणसाचे पैसे दोनदा भरावे लागतात.

एलएलपीत बाहेरचा भागीदार असेल, किंवा पुढे ती विकायचा विचार असेल, तर मी हा जादा खर्च सोसून तिचं खातं वेगळंच ठेवेन. भागीदारी आणि कारभार घरचाच असेल आणि मंजुरी देणारी माणसंही तीच असतील, तर एकत्र खातं बरं. मात्र कोणाला काय दिसतं, याच्या मर्यादा संस्थेनुसार लावता आल्या पाहिजेत.

टॅलीशी जोडणी तपासताना प्रत्येक नोंद योग्य कंपनीच्या डेटात जाते ना, हे पाहा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करता न येणारा बदलांचा लॉग बंधनकारक आहे. मंजुरीनंतर कुणी रक्कम बदलली तर तेही नव्या सॉफ्टवेअरमध्ये दिसलं पाहिजे.

डेमोला त्यांची नमुन्याची बिलं चालवू देऊ नका. गेल्या तिमाहीतली तुमची दहा अडलेली बिलं न्या: चुकीच्या नंबरचं, दोन युनिटांत विभागायचं आणि एकीने दुसरीचं भरलेलं. तुमच्या अकाउंटंटला शेजारी बसवा आणि दोन्ही पुस्तकांत नोंद कशी पडते, ते त्यालाच पाहू द्या.