प्लस नंबर, तिरळेपणा आणि घसरणारी फ्रेम : लेकीच्या चष्म्याचा सहा-सात महिन्यांचा अनुभव

काल लेकीच्या पहिल्या, गुलाबी फ्रेमची काडी बिजागरीपाशी तुटली आणि दुकानदार म्हणतो लहान मुलांच्या फ्रेमला वॉरंटी नसते. बिलावर एक वर्ष छापलंय, तरी! २८०० रुपये मोजलेत, सोडणार नाही, ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पण माझा खरा राग काडीवर नाहीच, त्या फ्रेमच्या नाकावर आहे.

लेक चार वर्षांची, दोन्ही डोळ्यांना +५ च्या आसपास नंबर (प्लस म्हणजे दूरदृष्टीचा), उजवा डोळा आत जातो. अ‍ॅट्रोपिनचं मलम (डोळ्याचा जोर सैल होऊन खरा नंबर कळावा म्हणून घालतात) घालून तपासणी झाली, ते सविस्तर सांगत नाही. दुकानात मात्र आम्हाला ही गुलाबी, मोठ्यांच्या फ्रेमचीच छोटी आवृत्ती गळ्यात मारली, नाकावर दोन पॅडवाली. अहो चार वर्षांच्या पोरीचं नाक बसकं असतं, पॅड टेकणार कुठे? अर्ध्या तासात चष्मा शेंड्यावर. आणि या नंबरात ते चालतच नाही, कारण स्पष्ट दिसावं म्हणून ही मुलं डोळ्यांवर जास्त जोर लावतात आणि त्या जोरासोबत डोळा आत वळतो, चष्मा तो जोर काढून घेतो म्हणून डोळा सरळ राहतो. माझ्याशी बोलताना ही हनुवटी खाली करून काचेच्या वरून बघायची आणि उजवी बाहुली हळूच नाकाकडे सरकायची, मी बोटाने चष्मा वर ढकलला की लगेच सरळ. दिवसभर हेच. दुकानात नेलं की पॅड दाबून द्यायचे, संध्याकाळपर्यंत परत तेच.

शेवटी दुसरीकडून ११०० ची फ्रेम घेतली, एकसंध, स्क्रू नाही, नाकाला मऊ रबर, मागून पट्टा. पहिला महिना मला ती अजिबात आवडली नव्हती, पट्ट्याने केस ओढले जायचे, घामाने कानामागे लाल व्हायचं. आता माझं मत पूर्ण बदललंय. पट्टा एक घर सैल केला, आतून सुती कापड शिवलं, आणि चष्मा जागचा हलत नाही, घसरगुंडीवरसुद्धा. आकार लहान असल्याचा अजून एक फायदा, प्लसची काच मधे जाड असते, फ्रेम जितकी मोठी तितकी काच जाड आणि जड, मग घसरणारच ना! बाहुली काचेच्या मधोमध येईल एवढीच फ्रेम घ्या. काच पॉलीकार्बोनेटचीच घ्या, ओरखडे पडतात पण आपटली तरी सहसा फुटत नाही. आणि बिल नीट बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावर जीएसटी १२ चा ५ टक्के झालाय.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. चष्मा काढला की डोळा पूर्वीपेक्षा जास्त आत गेल्यासारखा दिसतो. आमच्याकडे सगळे घाबरले, चष्म्याने बिघडवलं म्हणाले. डॉक्टरांनी समजावलं की असं होतं, चष्मा लावल्यावर डोळा सरळ आहे ना ते बघा, आंघोळ आणि झोप सोडून काढू नका. उजवा डोळा आळशी झालाय, म्हणजे मेंदू त्याचा वापर कमी करतो, म्हणून त्याला काम करावं लागावं यासाठी डावा रोज दोन तास पट्टीने झाकतो. सासूबाई म्हणायच्या तिरळा डोळा भाग्याचा, मोठी झाली की आपोआप जाईल. आता सकाळी त्याच काचा पुसून नातीला चष्मा घालतात. वाट बघत बसू नका हो, मेंदूने त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायची सवय लावून घेतली की नजर परत आणणं वयाबरोबर अवघड होत जातं.

दुकानात मुलाला उड्या मारायला लावा, खाली वाकून चप्पल घालायला लावा, मगच पैसे द्या. पुढच्या तपासणीत नंबर बदलला तर आम्ही फक्त काचा बदलणार, याच फ्रेममध्ये बसतील असं दुकानदाराकडून बिलावर लिहून घेतलंय.