लस पूर्ण होईपर्यंत कुत्र्याचं पिल्लू घरातच ठेवायचं, की कडेवर घेऊन बाहेर न्यायचं?

पिल्लू साधारण 8 आठवड्यांचं झालं की घरी येतं, आणि लसींचे सगळे डोस संपेपर्यंत ते साधारण 16 आठवड्यांचं होतं. मधल्या काळात काय करायचं?

घरातच ठेवलं तर पार्व्हो या जीवघेण्या विषाणूचा धोका कमी. ही धास्ती खोटी नाही. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले की लहानगा जीव दोन-तीन दिवसांत हातचा जाऊ शकतो. पण पिल्लू अनोळखी गोष्टी सहज स्वीकारतं ते साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या काळातच. हे दिवस चार भिंतींत गेले तर पुढे हेल्मेटवाला माणूस, उघडलेली छत्री, ढोल-ताशा, सगळ्याचीच भीती बसते. आणि ती काढणं फार अवघड जातं.

कडेवर घेऊन नेलं तर दोन्ही साधतं, म्हणून माझं मत इकडेच. पहिली लस होऊन आठवडा गेला की डॉक्टरांना विचारून सुरुवात करा. पाय मात्र रस्त्याला लागू द्यायचे नाहीत. रिक्षा स्टँडपासून थोडं लांब, पाच मिनिटं उभे राहा. कान मागे गेले, जांभया यायला लागल्या, जीभ सारखी ओठांवरून फिरू लागली तर ते घाबरलंय. लगेच मागे सरका. हातातला चिकनचा तुकडा आवडीने खातंय तर सगळं ठीक आहे. लसीकरण झालेल्या, शांत स्वभावाच्या कुत्र्याच्या घरी खेळायला न्यायलाही हरकत नाही.