मॉन्टेल्यूकास्ट-लेव्होसेटिरिझिन: मुलांच्या ॲलर्जीचं रात्रीचं औषध, गुण आणि धोके

सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, तळहाताने नाक खालून वर चोळायची सवय, त्याने नाकावर उमटलेली आडवी रेघ, डोळ्यांखाली काळपट छाया. अशा मुलांना आपल्याकडे हे जोडऔषध सर्रास दिलं जातं. लहान मुलांच्या गोळीत किंवा ५ मिली सिरपमध्ये साधारण ४ मिग्रॅ मॉन्टेल्यूकास्ट (दमा आणि ॲलर्जीतली सूज कमी करणारं) आणि २.५ मिग्रॅ लेव्होसेटिरिझिन (शिंका, खाज थांबवणारं) असतं.

सोय मोठी आहे. दिवसातून एकदाच द्यायचं, चव गोड, मुलं कुरकुरत नाहीत. शिंका, खाज, पाणी गळणं लवकर आटोक्यात येतं. पण चोंदलेलं नाक याने पुरतं मोकळं होत नाही. नाक बंद राहिलं की मूल तोंडाने श्वास घेतं, झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशी किरकिर, रडारड, वर्गात लक्ष नाही. घरी मात्र ‘हट्टी झालाय’ म्हणून ओरडा बसतो.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) मॉन्टेल्यूकास्टच्या माहितीपत्रकावर चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा छापायला लावला: भयानक स्वप्नं, झोपेत चालणं, आक्रमकपणा, उदासी, आत्महत्येचे विचार. ॲलर्जीच्या सर्दीसाठी हे औषध इतर औषधं लागू पडत नसतील किंवा सोसत नसतील तरच द्यावं, असंही सांगितलं. बहुतेक मुलांना असा त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांचं निदान चुकतं, कारण ॲलर्जीनेही चिडचिड आणि औषधानेही चिडचिड!

म्हणून औषध सुरू करण्याआधी आठवडाभर वहीत लिहा: किती वाजता झोपलं, किती वेळा उठलं, घोरलं का, दिवसा किती वेळा भडकलं. सुरू केल्यावरही तेच लिहीत राहा. नाक सुधारलं आणि तरी मूल रात्री किंचाळून उठू लागलं, तर संशय औषधावर घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दम्यासाठी चालू असेल तर पर्याय ठरवूनच बदला. इनहेलर मात्र थांबवू नका.

सिरप चहाच्या चमच्याने देऊ नका, बाटलीसोबतच्या मापानेच द्या. सोबत सर्दीचं दुसरं सिरप देऊ नका. त्यात बहुधा क्लोरफेनिरामिन हे गुंगी आणणारं ॲलर्जीचं औषध असतं, मग गुंगी वाढते. काही मुलं उलट जास्तच चळवळी होतात.

नुसत्या नाकाच्या ॲलर्जीसाठी आम्ही आधी स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे निवडू. फ्लुटिकासोन फ्युरोएट हा असाच एक स्प्रे २ वर्षांपासून चालतो: २७.५ मायक्रोग्रॅमचा एक फवारा प्रत्येक नाकपुडीत, दिवसातून एकदा. नवी बाटली चांगली हलवून आधी ६ फवारे हवेत मारा. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला हवं. पडद्यावर फवारा बसत राहिला की रक्त येतं आणि पालक स्प्रे सोडून देतात. जोरात हुंगायला सांगू नका, औषध घशात जातं. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून बाटली कपाटात टाकू नका.