‘डार्क सिटी’: शहर बोलत असताना निवेदन कशाला?

अ‍ॅलेक्स प्रोयास दिग्दर्शित ‘डार्क सिटी’ हा चित्रपट १९९८ साली प्रदर्शित झाला. तो पाहून उठल्यावर कथेचे धागे नीट सांगता आले नाहीत तरी त्यातले शहर मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. या चित्रपटाची शैली भरजरी आणि कथा तोकडी, असा शेरा त्याच्यावर नेहमी मारला जातो. माझे मत थोडे वेगळे आहे. या चित्रपटाची कथा त्याच्या दृश्यांतच आहे, आणि दृश्यांवरचा विश्वास सोडून तो शब्दांकडे वळतो तिथेच तो घसरतो. (पुढे रहस्य उघड केले आहे, पण चित्रपट स्वतःच ते पहिल्या दोन मिनिटांत उघड करत असल्याने माझ्याकडे अपराध थोडाच येतो.)

आरंभीचाच प्रसंग घ्या. जॉन मर्डॉक, म्हणजे रुफस स्यूएल, एका हॉटेलच्या न्हाणीघरात टबमध्ये जागा होतो. वर लोंबता दिवा झुलतो आहे, त्यामुळे भिंतींवरचा उजेड आणि अंधार सतत जागा बदलतो आहे, आणि आपण कोण हे या माणसाला आठवत नाही. खोलीत एका स्त्रीचे प्रेत आहे; तिच्या अंगावर सर्पिलाकार खुणा आहेत. माशाचे काचेचे भांडे फुटते आणि हा माणूस, जिवावर बेतलेले असताना, फरशीवर तडफडणारा मासा उचलून टबच्या पाण्यात सोडतो. पुढे तपासाला आलेला इन्स्पेक्टर बमस्टेड त्याच माशापाशी घुटमळतो: खून करणारा माणूस मासा वाचवायला थांबेल कशाला? नायकाचा स्वभाव, त्याच्यावरचा आळ आणि तपासाचा पहिला धागा हे सारे एका माशावर उभे राहते.

आणि एवढी हातोटी असलेल्या चित्रपटाने सुरुवातीला काय करावे? चित्रपटगृहांत दाखवलेल्या आवृत्तीत पडदा उजळतो न उजळतो तोच डॉक्टर श्रेबर निवेदन करू लागतात आणि परग्रहावरून आलेल्या ‘स्ट्रेंजर्स’ची, म्हणजे ज्यांच्यासाठी ते काम करतात त्या परक्यांची, सगळी हकिगत सांगून मोकळे होतात. ज्या कोड्यात नायकाबरोबर आपण चाचपडायचे, त्याचे उत्तर आपल्या हाती आधीच ठेवले जाते. मग तासभर मर्डॉक शोधत राहतो आणि आपण त्याची वाट पाहत राहतो.

शहराची रचना जॉर्ज लिडल आणि पॅट्रिक टाटोपुलोस यांची, तर छायाचित्रण डारियुश वोल्स्की यांचे. मोटारी आणि टोप्या १९४० च्या दशकातल्या वाटतात, पण कुठला काळ, कुठला देश हे ठरवता येत नाही. ही निव्वळ नटवेगिरी नव्हे. हे शहर परक्यांनी माणसांच्या आठवणींचे तुकडे जोडून उभारलेले आहे, तेव्हा त्याला एकच काळ असणे शक्यच नाही. इथे रात्र कधी संपत नाही याचे कारणही कथेतच आहे. नुआर चित्रपटांतला, म्हणजे जुन्या काळोख्या गुन्हेपटांतला, अंधार एरवी वातावरणनिर्मितीसाठी असतो. इथे तो शहर बनावट असल्याचा पुरावा आहे, आणि दिवसाचा उजेड आपण शेवटचा कधी पाहिला हा प्रश्न पात्रांना पडू लागतो तेव्हा आपल्यालाही पडतो. (सिडनीत उभारलेल्या या नेपथ्यातला काही भाग नंतर ‘द मेट्रिक्स’ने वापरला, हे कळल्यावर तिथली छपरे ओळखीची का वाटतात ते उमजते.)

सर्वोत्तम प्रसंग जेवणाच्या टेबलावरचा आहे. एक कष्टकरी जोडपे लहानशा खोलीत जेवायला बसलेले असते. बारा वाजतात, सगळे शहर जागच्या जागी झोपते, आणि परके लोक आत येतात. टेबल लांबत जाते, भिंती मागे सरतात, खोलीची हवेली होते. श्रेबर त्या दोघांच्या कपाळात सुई टोचून नव्या आठवणी घालतात. जागे झाल्यावर हे जोडपे जन्मजात श्रीमंतांच्या थाटात बोलू लागते. माणूस म्हणजे त्याच्या आठवणींची बेरीज का, हा चित्रपटाचा मूळ प्रश्न ते लांबणारे टेबल जितका नेमका विचारते तितका कोणताही संवाद विचारत नाही.

उत्तरार्धात मात्र पटकथा लंगडते. मर्डॉकच्या आठवणीतल्या शेल बीच या समुद्रकिनाऱ्याच्या शोधात होडीतून जाताना श्रेबर पुन्हा सारे उलगडून सांगतात. किफर सदरलंड धापा टाकत, शब्द तोडत बोलतात, त्यामुळे ते स्पष्टीकरण आणखीच लांबते. लगेच पुढे समुद्रकिनाऱ्याचे चित्र चिकटवलेली भिंत फोडली जाते आणि पलीकडे तारे दिसतात. एवढे दृश्य हाती असताना आधीचे प्रवचन हवे होते कशाला? अखेरचे द्वंद्व म्हणजे मर्डॉक आणि परक्यांचा म्होरक्या यांनी एकमेकांकडे डोळे वटारून पाहणे आणि त्यांच्या मनःशक्तीने मधल्या इमारतींचा चुराडा. तिथे शैली उरते, शहर उरत नाही. जेनिफर कॉनेलीने साकारलेल्या एमाला, मर्डॉकच्या बायकोला, तर गाणे आणि वाट पाहणे याखेरीज फारसे काम नाही. तिच्या आठवणीच उसन्या असल्याने ती पोकळ असणारच, असा बचाव करता येईल, पण बमस्टेडच्या आठवणीही उसन्याच आहेत आणि तरीही विल्यम हर्ट यांनी आईने दिलेल्या अ‍ॅकॉर्डियनपुरत्या प्रसंगातून त्याला जिवंत माणूस केले आहे.

२००८ साली आलेल्या दिग्दर्शकाच्या आवृत्तीत आरंभीचे निवेदन काढले आहे, चित्रपट सुमारे अकरा मिनिटांनी वाढला आहे, आणि एमाच्या गाण्यांना कॉनेलीचा स्वतःचा आवाज आहे. उत्तरार्धातले दोष तिथेही कायम आहेत, तरी पहिल्यांदा पाहणाऱ्याने तीच आवृत्ती निवडावी. जुनीच मिळाली, तर श्रेबर घड्याळ काढून पाहीपर्यंत आवाज बंद ठेवावा.